देवाला सर्व ठाऊक असताना मागायचे कशाला?

शाहूपुरीकर
सर्वांना जय ख्रिस्त. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आमच्या तळमजल्यावर पुराचे पाणी शिरले, तेव्हा आम्ही सात जण वरच्या खोलीत बसून, मोबाइलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत, पाणी उतरावे म्हणून प्रार्थना करीत होतो. धोक्याची पातळी 43 फुटांची. पाणी मात्र 50 फुटांच्याही वर गेले आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आमच्या ‘आमेन’साठी थांबले नाहीत. तेव्हापासून बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले 6:8 हे वचन मला टोचत राहिले आहे. आपण मागण्यापूर्वीच आपली गरज पित्याला ठाऊक असते, असे प्रभू येशू तेथे सांगतो. मग आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत दहावीच्या निकालापासून गुडघेदुखीपर्यंत विनंत्यांची जी यादी वाचली जाते, ती कोणासाठी? माझी तक्रार नाही, उपासनेला मी आजही जाते. प्रयोजन तेवढे समजून घ्यायचे आहे.

निवृत्त शिक्षक, कसबा बावडा
ताई, त्याच्या मागचे आणि पुढचे वचनही सोबत वाचावे. पित्याला ठाऊक आहे म्हणून गप्प बसा, असे प्रभू म्हणत नाही. ठाऊक आहे म्हणून पाल्हाळ लावू नका, असे म्हणतो आणि लगेच नवव्या वचनापासून प्रार्थना शिकवतो. तिच्यात आधी पित्याचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा येते, भाकर त्यानंतर. आणि ती भाकरही ‘आमची’ आहे, ‘माझी’ हा शब्द त्या प्रार्थनेत एकदाही येत नाही. मागणाऱ्याने स्वतः काही केल्याचा उल्लेख संपूर्ण प्रार्थनेत एकाच ठिकाणी आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे, म्हणजे आमचे अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे. प्रार्थना संपल्यावर 14 व्या आणि 15 व्या वचनांत प्रभू पुन्हा वळतो तोही याच ओळीकडे.

स्वतःचे सांगतो. बांधाच्या वादावरून माझ्या चुलतभावाशी माझे अकरा वर्षे बोलणे नव्हते. रविवारी सारी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणत असे, तेव्हा या ओळीला मी खोकत असे (शेजारी बसणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींच्या ते ध्यानात आले होते, हे मला फार उशिरा कळले). एका रविवारी खोकला आला नाही. दुपारी त्याच्या दारात गेलो. बांध आजही त्याच्याच बाजूने सरकलेला आहे. पण चहा झाला. देवाला जे आधीच ठाऊक होते, ते मला माझ्याच तोंडून ऐकायला अकरा वर्षे लागली.

रात्रपाळीची परिचारिका
सरांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु प्रार्थनेने केवळ आपणच बदलतो, असे म्हटले तर मागणे हे निव्वळ निमित्त ठरेल, आणि ते मला पटत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून खरोखरच विनंती केली, तीन वेळा केली. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवले. प्याला टळला नाही, काटाही निघाला नाही. पौलाला ‘माझी कृपा तुला पुरे’ असे उत्तर तरी मिळाले, बागेत मात्र कोणाचा शब्द आल्याचे मत्तय लिहीत नाही. तरीही बाप म्हटल्यावर हट्ट धरायचा नाही, तर कोणापुढे धरायचा? अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसोबत मी रुग्णाच्या बरे होण्यासाठीच प्रार्थना करते, ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे त्यानंतर म्हणते. तुमचे पाणी का चढले, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते असल्याचा आव कोणी आणला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

शाहूपुरीकर
दोघांचीही आभारी आहे. ‘आमची’ या शब्दावर मी थबकले, कारण त्या सात जणांपैकी तिघे आमचे खालचे भाडेकरू होते. ते ख्रिस्ती नव्हेत. वर येताना त्यांनी पिठाचा डबा आणला होता आणि चार दिवस आम्ही सर्वांनी त्याच पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या. मी मात्र सारा वेळ ‘प्रभू, आमचे घर वाचव’ एवढेच म्हणत होते आणि त्या ‘आमचे’मध्ये ते तिघे नव्हते. आमच्या बुधवारच्या सभेत प्रभूची प्रार्थना अगदी शेवटी, आत चहा उकळत असताना घाईने उरकली जाते. येत्या बुधवारी ती विनंत्यांच्या यादीआधी म्हणावी, असे सुचवणार आहे.