पर्यटकांच्या बॅगेत गांजा सापडला तर गाडीमालकाचं आणि ड्रायव्हरचं काय?

ट्रॅव्हलरवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. माझ्याकडं एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक सात सीटची गाडी आहे. गोवा, गोकर्ण, तारकर्ली अशा सहली करतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कॉलेजची नाहीतर कंपनीतली पोरं.

गेल्या आठवड्यात गोकर्णच्या बुकिंगला चौघं आली. चांगल्या घरची, बोलायला गोड. ॲडव्हान्स देऊन उठता उठता एकानं विचारलं, "काका, येताना थोडा माल असला तर तुमचा ड्रायव्हर कटकट करणार नाही ना? किलोच्या आत काय होत नाही तसं." मी पैसे परत दिले आणि हात जोडले. पण ज्यानं विचारलं त्याला नाही म्हणता आलं. जे विचारतच नाहीत, त्यांच्या बॅगेत काय आहे ते मला कसं कळायचं?

आमचा कोल्हापूरहून गोव्याचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. कागल सोडलं की कर्नाटक, निपाणीतनं उत्तूर-आजरा करत परत महाराष्ट्र, आंबोलीचा घाट उतरून बांदा, आणि पत्रादेवीला गोवा. एका सहलीत तीन राज्यांचे पोलीस. नाकाबंदीत डिकी उघडली आणि काही निघालं तर आधी कॉलर धरणार ती ड्रायव्हरची. आमचा ड्रायव्हर गडहिंग्लजकडचा पोरगा आहे, घरी म्हातारी आई आणि अजून शाळेतही न जाणारी मुलगी. त्याला असल्या भानगडीत मी अडकू देणार नाही. गाडीवर बँकेचं कर्ज आहे ते वेगळंच.

मला हे कळून घ्यायचंय: माल पॅसेंजरचा असला तरी ड्रायव्हर आणि मालक आरोपी होतात का? गाडी जप्त झाली तर सुटते का? आणि हे टाळायला निघण्याआधी काय करून ठेवावं? "काही होत नाही ओ" असं सांगणारे भरपूर भेटले. ज्याला खरंच माहीत आहे त्यानं सांगावं ही विनंती.

वकील_कसबा_बावडा

दादा, ॲडव्हान्स परत दिलात ते योग्य केलंत. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करते, या कायद्याखालचे खटलेही चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते "किलोच्या आत" प्रकरण. एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा केंद्राचा कायदा आहे. कोल्हापूर, निपाणी, पणजी, सगळीकडं तोच. गोव्यात चालतं, गोकर्णात चालतं, हिमाचलात चालतं, या साऱ्या ऐकीव गोष्टी आहेत. गांजा एक किलोपेक्षा आणि चरस १०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कायदा त्याला अल्प मात्रा म्हणतो. तरी तो गुन्हाच आहे: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजा २० किलोपेक्षा आणि चरस एक किलोपेक्षा जास्त झाला की व्यावसायिक मात्रा, तिथं कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस, शिवाय कलम ३७ मुळं जामीन मिळणं महाकठीण. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. चरसाचा आकडा पोरांच्या लक्षातच येत नाही. मुठीत मावेल एवढ्या गोळ्यानं अल्प मात्रा ओलांडली जाते. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठरवलंय की मात्रा मोजताना मिश्रणातल्या इतर पदार्थासकट वजन धरायचं. गोव्याहून चरस घातलेला केक किंवा चॉकलेट आणणाऱ्याच्या विरोधात सरकारी वकील हाच निकाल पुढं करणार.

राज्याची हद्द ओलांडल्यानं शिक्षेचा आकडा वाढत नाही. कलम २० मध्ये बाळगणं, वाहून नेणं, एका राज्यातून दुसऱ्यात आणणं, सगळं एकत्रच आहे. वाढते ती फरफट. निपाणीत धरलं तर खटला बेळगाव जिल्ह्यात, कागद कन्नडमध्ये, वरचा जामीनअर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण त्याचा उपयोग गुन्हा आपल्या हद्दीत नोंदला तरच. जामीन मंजूर झाल्यावरसुद्धा तिकडचा जामीनदार मिळेना म्हणून माणूस आत राहिलेला मी पाहिलाय. त्या घरातल्या बायकांची धावपळ बघवत नव्हती.

आता तुमचा खरा प्रश्न. कलम २५ म्हणतं की गाडीचा मालक किंवा ताबा असणारा माणूस जाणूनबुजून गाडी अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला. "जाणूनबुजून" हा शब्द तुमचा आधार आहे. पण कलम ३५ आणि ५४ मुळं पारडं आरोपीच्या विरुद्ध झुकतं. माल ताब्यात होता एवढं सरकार पक्षानं दाखवलं की माहिती आणि हेतू न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. डिकीत बेवारस पडलेली बॅग सगळ्यात वाईट. कुणीच "माझी" म्हणत नाही, मग पोलीस संगनमताचं कलम २९ लावून गाडीतल्या सगळ्यांची नावं घालतात, ड्रायव्हरसकट.

गाडीबद्दल कलम ६० चं तिसरं उपकलम नीट वाचा. मालकाला माहीत नव्हतं एवढ्यानं भागत नाही. मालक, त्याचा एजंट आणि गाडीचा ताबा असणारा माणूस, म्हणजे तुमचा ड्रायव्हर, यांपैकी कुणालाच माहिती नव्हती आणि प्रत्येकानं शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती, हे मालकानं सिद्ध करायचं. तसं झालं नाही तर गाडी सरकारजमा होऊ शकते. खबरदारी घेतल्याचा पुरावा नंतर तयार करता येत नाही. गाडी उद्यमनगरातून हलण्याआधीच तो हातात हवा.

खटला संपेपर्यंत गाडी पोलीस ठाण्यात गंजत पडलीच पाहिजे असं मात्र नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका ट्रकमालकाला ट्रक परत दिला. ट्रक कर्जावरचा, त्याच्यावरच पोट, हेरॉईन निघालं ते ट्रकमध्ये बसलेल्या तिसऱ्याच माणसाकडं, आणि मालक किंवा ड्रायव्हर आरोपीच नव्हते. एनडीपीएसमध्ये गाडी तात्पुरती सोडायला बंदी नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. वेळ आलीच तर त्याच आधारावर विशेष न्यायालयात अर्ज करायचा.

स्टेअरिंग_आजरा

मालक, मी ड्रायव्हर हाय. माझा अनुभव सांगतो.

मी बॅगांना सीट नंबरची चिठ्ठी बांधतो. ज्येची बॅग त्येनंच डिकीत ठेवायची, त्येनंच काढायची. मी हात लावत न्हाई. समद्या बॅगा चढल्या की पॅसेंजर आणि बॅगा एका फोटूत घेतो आणि मालकाला लगेच पाठवतो. माझी पिशवी माझ्या सीटमागं, तिच्यात दुसऱ्याचा रुमालसुद्धा न्हाई. केबिनच्या कप्प्यात कुणी "दादा एवढं ठेव की" म्हणालं तर न्हाई म्हणतो, राग आला तर येऊ दे.

आणि पार्सल. हे लई महत्त्वाचं. गोव्यातनं निघताना कोणतरी येतंय, "हे पाकीट कोल्हापुरात सीबीएस बसस्टँडवर माझा मित्र घेईल, पाचशे रुपये घ्या." पाचशे रुपयात ड्रायव्हरनं आपली दहा वर्षं इकू नयेत. माझ्या वळखीच्या एकानं असलं पाकीट घेतलं, आत काय निघालं ते इथं लिवत न्हाई, पण त्येची बायको आता दुसऱ्याच्या काजूच्या कारखान्यात जाती.

वकील मॅडम, एक इचारायचं हाय. वाटंत वास आला, म्हंजे गाडीत माल हाय हे कळलं, तर मी काय करावं?

वकील_कसबा_बावडा

दादा, तुमची चिठ्ठी आणि फोटोची पद्धत कलम ६० ची खबरदारीच आहे. सगळ्या चालकांनी ती उचलावी.

वास आला, डोळ्यांना दिसलं, कुणी सांगितलं, की त्या क्षणी "मला माहीत नव्हतं" हा बचाव संपला. त्यानंतर चालवलेलं प्रत्येक किलोमीटर तुमच्या विरोधात मोजलं जाईल. गाडी ढाब्यावर किंवा पंपावर, जिथं उजेड आणि माणसं आहेत तिथं थांबवा. मालकाला फोन करा, ११२ ला फोन करा. तुमच्या फोनमधली त्या कॉलची वेळ हा तुमचा पुरावा. माल हातात घेऊ नका आणि पोरांच्या सांगण्यावरून घाटात फेकून तर अजिबात देऊ नका. मग पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो आणि बोटांचे ठसे तुमचे.

झडतीबद्दलही सांगते. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असं म्हणण्याचा हक्क कलम ५० मध्ये आहे, पण तो अंगझडतीपुरताच. बॅग आणि डिकी त्यात येत नाहीत. तिथं पोलिसांशी हुज्जत घालू नका. कन्नड कागदावर सही मागितली तर मजकूर वाचून समजावून मागा. अटक झालीच तर कारणं लेखी मिळणं हा हक्क आहे.

पंचगंगा_घाट

आमचा भजनी मंडळाचा गट उज्जैनला चाललाय. तिथं भांगेचं सरकारमान्य दुकान आहे, बाहेर तशी पाटीच असते म्हणे. महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून थोडी आणली तर? ती तर कायदेशीर विकत घेतलेली.

वकील_कसबा_बावडा

काका, आणू नका. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया, फुलोरा सोबत नसेल तर, त्यातून वगळल्यात. त्यामुळं पानांची भांग राज्यांच्या अखत्यारीत जाते, आणि म्हणून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानात परवान्याची दुकानं दिसतात. पण आपल्या महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मादक पदार्थांमध्ये भांगेचं नाव स्पष्ट आहे. उज्जैनच्या दुकानाचा परवाना उज्जैनपुरता, आपल्या हद्दीत त्याला किंमत नाही. शिवाय गोळीत फुलोरा मिसळलाय की नाही हे रस्त्यावरच्या हवालदाराला कळत नाही, ते प्रयोगशाळेच्या अहवालातून ठरतं. तो येईपर्यंत मंडळातलं कोण आत बसणार?

भांगेच्या बियांचं तेल, बियांचं पीठ यांना २०२१ पासून अन्न म्हणून मान्यता आहे. ते सीलबंद, लेबलसकट आणि बिलासह असावं. आयुर्वेदातली विजया (म्हणजे भांगच) घातलेली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवरच, आणि प्रवासात चिठ्ठी औषधाच्या डबीसोबत ठेवायची.

राजारामपुरीची_आई

विषय थोडा बाहेरचा आहे, पण इथं ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतात त्यांच्यासाठी लिहिते, कारण माझा मुलगा तिथं आहे आणि मला याची फार धास्ती वाटते. तिथं काही राज्यांत गांजा दुकानातून उघड मिळतो. पण वॉशिंग्टन राज्यातून शेजारच्या ओरेगॉनमध्ये नेला, जिथं दोन्हीकडं परवानगी आहे, तरी हद्द ओलांडणं तिथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हाच. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना तर राज्याच्या परवानगीचा आधारच नाही. परदेशी माणसाचं तिथलं राहणं केंद्राच्या कायद्यावर ठरतं, आणि खटला न होता नुसतं "मी घेतलाय" असं अधिकाऱ्यापुढं कबूल केलं तरी परत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मुलांशी यावर मोकळं बोला. मी बोलले.

ट्रॅव्हलरवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच बुकिंग फॉर्मवर घालायचा मजकूर लिहिलाय, मॅडम बघाल का?

"गाडीत गांजा, चरस, भांग किंवा कोणताही अमली पदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. प्रत्येक बॅगेवर प्रवाशाचं नाव व सीट नंबर असेल. बिननावाची बॅग व अनोळखी पार्सल गाडीत घेतलं जाणार नाही. ड्रायव्हर बॅगा उघडून तपासेल. नियम मोडल्यास सहल तिथंच थांबेल, पोलिसांना कळवलं जाईल व पैसे परत मिळणार नाहीत."

वकील_कसबा_बावडा

चौथं वाक्य बदला. ड्रायव्हरनं दुसऱ्याच्या बॅगेत हात घातला तर "त्यानंच ठेवलं" असं म्हणायला जागा मिळते. त्याऐवजी लिहा: "मागणी केल्यास प्रवासी स्वतः बॅग उघडून दाखवेल; नकार दिल्यास ते सामान घेतलं जाणार नाही." बाकी मजकूर चांगला आहे.

सही प्रत्येक प्रवाशाची घ्या, फक्त बुकिंग करणाऱ्याची नको. खाली तारीख आणि निघण्याची वेळ हवी. ड्रायव्हरचीही वेगळी सही घ्या, कारण कलम ६० मध्ये तो तुमच्यापासून वेगळा मोजलाय. एक प्रत गाडीत आणि एक ऑफिसात. गाडीतली प्रत इंग्रजीतही असू द्या, निपाणीच्या पुढं मराठी वाचणारा अधिकारी भेटेलच असं नाही. आणि परतीच्या दिवशी गोकर्ण किंवा गोव्यातून निघताना तोच फोटो, त्याच चिठ्ठ्या, पुन्हा एकदा. माल येतो तो परतीच्या वाटेवर.