जांभ्याच्या जुन्या घरात मेश वायफाय, कुठलं घेऊ?

पडवीकर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. घर रत्नागिरीजवळ, जुनं, चिऱ्याचं, वर कौलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी अशी सरळ लांब रांग आणि माजघराच्या वर फळ्यांचा माळा, जिथे मी लॅपटॉप घेऊन बसतो. फायबर ओटीवर येतं, प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर ९० च्या वर मिळतं, माजघरात निम्मं, स्वयंपाकघरात आईच्या व्हिडिओ कॉलवर नुसती चकली फिरत बसते आणि पडवीत तर नेटवर्कचं नावच दिसत नाही. मेश म्हणजे घरभर ठेवायचे आणि एकच वायफाय देणारे डबे, त्यात टीपी-लिंकचे डेको एम४, एक्स२०, एक्स५० असं सगळं वाचून डोकं आउट झालंय. दोनचा सेट घेऊ की तीनचा? वायर ओढायची नाहीये, भिंत फोडायची म्हटलं की बाबा जेवण सोडून उठतात.

खटपट्या
एक्स५० घ्या तीनचा सेट आणि विषय संपवा. वायफाय ६ आहे, म्हणजे एम४ च्या पुढची पिढी, पुढची काही वर्षं बघायला नको.

तारमास्तर
विषय संपत नाही ना तिथेच. खटपट्या, तुमचा फ्लॅट असेल, चार इंची विटांच्या भिंती. इथे चिरा आहे, भिंत नऊ इंच किंवा जास्तच, त्यात पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि ओल्या भिंतीतून वायफायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झवाला सिग्नल आणखीच कमी जातो. डबा कितीही महागाचा घ्या, ओटीवरचा डबा आणि स्वयंपाकघरातला डबा एकमेकांशी बोलणार त्या दोन भिंतींमधूनच. आणि हे तिन्ही सेट ड्युअल बँड आहेत (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ), म्हणजे ज्या रेडिओवर तुमचा फोन त्याच रेडिओवर डब्यांचं आपापसातलं बोलणं, त्यामुळे एका डब्यावरून दुसऱ्यावर एक उडी मारली की स्पीड साधारण अर्धा होतो, दुसऱ्या उडीला त्याचा अर्धा.

पडवीकर, भिंत फोडायची कशाला पण? कौलारू घरात आतल्या भिंती बहुतेक आढ्यापर्यंत जातच नाहीत, वर मोकळंच असतं. ओटीवरून कॅट ६ (नेटवर्कची तांब्याची) केबल भिंतीच्या कडेने वर न्या, वाशांना क्लिपा मारत माळ्यावर, तिथून पुढे स्वयंपाकघराच्या वरून पडवीत खाली. एक भोक पाडायला लागणार नाही. बाबांना दिसणारही नाही.

पडवीकर
अरे हो! माजघराची भिंत वर उघडीच आहे, मांजर तिथूनच ये-जा करतं. हे डोक्यातच नव्हतं. मग वायर टाकली तर कुठला सेट?

तारमास्तर
मग एम४ सुद्धा चालेल. प्रत्येक डब्याला दोन गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट आहेत, वायर जोडली की आपोआप वायरवरून बोलतात. फक्त डेको ई४ घेऊ नका स्वस्त दिसतो म्हणून, त्याचे पोर्ट १०० चे आहेत, उद्या प्लॅन वाढवला की तिथेच अडकाल.

खटपट्या
एम४ जुना झाला हो. त्यातल्या त्यात एक्स२० तरी घ्या.

साखरवाडी
दोघांचंही बरोबर आहे थोडं थोडं. खोक्यावरचे आकडे म्हणजे दोन्ही बँडची बेरीज असते, एम४ वरचं एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, तेही कागदावर. १०० च्या प्लॅनला एम४ भरपूर झाला. पण तुमचा लॅपटॉप वायफाय ६ वाला असेल आणि पुढेमागे ३०० चा प्लॅन घ्यायचा विचार असेल तर एक्स२०. एक्स५० चे जादाचे पैसे या घरात तरी वाया. मी असतो तर ते पैसे वायर आणि बॅकअपवर घातले असते, तुमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते ना?

पडवीकर
वारा सुटायचीही गरज नसते :)

साखरवाडी
मग प्रत्येक डब्याला बॅकअप बघा. नुसता ओटीवरचा चालू राहून उपयोग नाही, माळ्यावरचा बंद पडला की तुमचं काम बंदच. इन्व्हर्टरची लाईन माळ्यावर नसेल तर राउटरचे मिनी यूपीएस मिळतात १२ व्होल्टचे, घेताना डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, व्होल्ट तोच हवा आणि अँपिअर तेवढा किंवा जास्त.

हापूसवाली
धागा पळवते जरा, सॉरी. आमचं आंब्याचं पॅकिंग शेड घरापासून साधारण ६० मीटर आहे, हीच कॅट ६ झाडांवरून शेडपर्यंत नेली तर चालेल का? १०० मीटरपर्यंत चालते असं वाचलंय.

तारमास्तर
ताई, अंतराला चालेल पण नेऊ नका. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा विजा काय कडाडतात तुम्हाला सांगायला नको, उघड्यावरची तांब्याची तार जवळ पडलेल्या विजेचा झटका दोन्ही टोकांना आत आणते, राउटरपासून टीव्हीपर्यंत सगळं जाऊ शकतं. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, धातूची तार नसलेलं, दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारी डबी). आणि झाडांवरून नको, पाइपातून जमिनीखालून, नाहीतर माकडं झोके घेतील.

हापूसवाली
माकडांचं अगदी खरंय. धन्यवाद.

पडवीकर
ठरवलं मग. एक्स२० तीनचा सेट, एक ओटीवर, एक माळ्यावर, एक स्वयंपाकघर आणि पडवीच्या मधल्या दाराशी. नेट कंपनीचा डबा काढता येणार नाही बहुतेक, त्याचं वायफाय बंद करू ना?

साखरवाडी
हो, बंदच करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून बसतो. कंपनीवाले ब्रिज मोड (त्यांचा डबा फक्त नेट पुढे देतो, राउटरचं काम डेको करतो) करून देत असतील तर उत्तम, नाहीतर डेको अ‍ॅपमधून एपी मोडला टाका, म्हणजे राउटर कंपनीचाच आणि डेको नुसतं वायफाय देतो. पोरांच्या मोबाइलच्या वेळा लावणं वगैरे एपी मोडमध्ये मिळत नाही तेवढं लक्षात ठेवा. माळ्यावरचा डबा फळ्यांवर मध्यावर ठेवा, लाकडातून सिग्नल मस्त खाली येतो, माजघर त्यातच निघेल.

तारमास्तर
केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास विकतात, सुरीने खरवडलं की आत पांढरं दिसतं. लाईटच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका. आणि वायरमनने केबलच्या टोकांना जॅक लावले की त्याला जाऊ देण्याआधी लिंक स्पीड (केबलवर दोन डब्यांमध्ये जुळलेला वेग) बघा, १००० दिसायला हवा. १०० दिसला तर आठपैकी चारच तारा नीट लागल्यात, आमच्याकडचे बरेच जण चारच लावतात आणि नेट चालू झालं ना म्हणून पैसे घेऊन जातात. माळ्यावर उंदीर असतील तर केबलला पीव्हीसी पाइप घाला.

पडवीकर
उंदरांसाठी मांजर आहे. पाइप तरी घालतो.