एक्स-फाइल्सचं रिव्हायवल: नवव्या सीझनलाच थांबायला हवं होतं का?

स्कलीची_बाजू

मल्डर आणि डॉक्टर असलेली स्कली हे एफबीआयचे दोन एजंट गूढ प्रकरणांचा तपास करतात ती अमेरिकन सिरीज 'एक्स-फाइल्स', तिच्या रिव्हायवलचे, म्हणजे बऱ्याच वर्षांनी पुन्हा काढलेले दहावा आणि अकरावा दोन्ही सीझन एकदाचे संपवले, आणि तेव्हापासून इतकं वाईट वाटतंय की कुणाशी तरी बोलायचंच आहे. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी पुढे वाचू नका.

१९९३ ते २००२ चे नऊच्या नऊ सीझन माझे पाठ आहेत. २००८ चा सिनेमा सगळ्यांनी धोपटला तेव्हाही मी त्याच्या बाजूने भांडलेय. त्यामुळे ते दोघं म्हातारे दिसतात, मल्डर झोपेत असल्यासारखा बोलतो, या तक्रारी माझ्या नाहीत. उलट त्यांचं काम करणारे डेव्हिड डुकॉव्हनी आणि गिलियन अँडरसन नुसते एका फ्रेममध्ये आले तरी मला भरून येत होतं. माझा राग विल्यमवरून, म्हणजे स्कलीने दत्तक दिलेल्या तिच्या मुलावरून आहे.

अकराव्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये सिगरेटवाला, म्हणजे सिरीजचा मुख्य खलनायक, मल्डर-स्कलीच्या साहेबाला, स्किनरला सांगतो की त्या मुलाचा बाप मल्डर नाही, मी आहे, सायन्सच्या मदतीने. कधी झालं हे? तर सातव्या सीझनच्या 'एन अमी'मध्ये स्कली त्याच्याबरोबर गाडीने जाते आणि सकाळी अनोळखी घरात जागी होते, अंगावर दुसरेच कपडे, काही आठवत नाही, तेव्हा. तो माझा आवडता एपिसोड होता हो. सिगरेटवाल्याचं काम करणाऱ्या विल्यम डेव्हिसने स्वतः लिहिलेला, त्या माणसाचं एकटेपण दाखवणारा. आता त्याच गोष्टीत एका बाईला बेशुद्ध करून तिच्या शरीराशी केलेला गुन्हा आलाय, तोही १८ वर्षांनी मागे जाऊन घुसवलेला, आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, भयंकर म्हणजे हे स्कलीला कुणी नीट सांगतही नाही. सांगतात ते स्किनरला. तिच्याच बाबतीत घडलेलं, आणि तिलाच काही बोलायची संधी नाही.

वर शेवटच्या एपिसोडमध्ये मुलाला गोळी लागलीय, तो गेला असं समजून मल्डर कोसळलाय आणि स्कली म्हणते की तो एक प्रयोग होता, मी त्याची आई कधी नव्हतेच. आणि लगेच, मी प्रेग्नंट आहे! कोण ही बाई? आई मरणाच्या दारात असताना जिला दत्तक दिलेलं पोर आठवून रडू आवरत नव्हतं तीच ना ही? 'होम अगेन' काही फार जुना नाही, दहाव्याच सीझनचा आहे.

तुम्ही हे दोन सीझन मूळ सिरीजचा भाग मानता का? आणि जुने एपिसोड पूर्वीसारखे बघता येतात का तुम्हाला?

राक्षस_हवाच

तुझा राग शंभर टक्के पटला, पण दोन्ही सीझन सरसकट टाकून देऊ नकोस गं. डॅरिन मॉर्गनचे दोन एपिसोड बाजूला काढ. दहाव्यातला तो सरड्यासारखा प्राणी, ज्याला माणूस चावतो आणि मग त्याला दिवसा माणूस व्हावं लागतं, नोकरी करावी लागते, पैशांची काळजी करावी लागते, ते लिहिणारा माणूस 'क्लाइड ब्रकमन' हा जुना एपिसोड लिहिणाराच आहे हे पाच मिनिटांत कळतं (त्या एपिसोडला १९९६ मध्ये लेखनाचा एमी मिळाला होता). आणि अकराव्यातला 'फोरहेड स्वेट' तर तुझ्या प्रश्नावरच आहे. लहानपणी आवडायचा तो जेलीचा पदार्थ इतक्या वर्षांनी स्कलीसमोर येतो आणि ती तो खायचंच टाळते, जसं होतं तसंच लक्षात ठेवायचंय म्हणते. रिव्हायवलच्या आतच बसून कुणीतरी रिव्हायवलबद्दल इतकं खरं बोललंय.

'फॉलोअर्स'पण बघच पुन्हा, तो बेस-६४ या कॉम्प्युटरच्या कोडमध्ये नाव असलेला. जवळजवळ संवादच नाहीत, मल्डर मशीनला टिप देत नाही म्हणून सगळी यंत्रं मागे लागतात. शॅनन हॅम्ब्लिन आणि क्रिस्टन क्लोक अशा दोन बायकांनी लिहिलाय आणि त्यातली स्कली बघ किती मोकळी आहे.

रॉसवेलचा_पाहुणा

मायथॉलॉजी, म्हणजे परग्रहवासी आणि सरकारी कटाची ती सलग मोठी गोष्ट, रिव्हायवलने बिघडवली असं म्हणणं मला पटत नाही, ती आठव्या-नवव्यातच लंगडत होती. ते मारूनही न मरणारे सुपर सोल्जर आठवा! तरी २००२ च्या फिनालेने एक तारीख दिली होती, २२ डिसेंबर २०१२, त्या दिवशी परग्रहवासी येणार. सिरीज परत आली २०१६ च्या जानेवारीत, म्हणजे तारीख उलटून गेलेली, आणि त्याचं उत्तर काय दिलं तर परग्रहवासी येणार हेच थोतांड होतं, सगळं माणसांनीच केलेलं. नऊ वर्षं आपण आणि मल्डरने जे तुकडे जोडले ते एका भाषणात गुंडाळले.

एक व्यावहारिक अडचणही होती, तीही बघायला हवी. पूर्वी वर्षाला वीस-पंचवीस एपिसोड असायचे, त्यात मायथॉलॉजीचे थोडे, बाकी एकेका राक्षसाचे सुटे. एखादं रहस्य महिनोन्महिने मुरायचं. दहाव्याला मिळाले फक्त सहा, आणि त्यातले पहिला आणि शेवटचा 'माय स्ट्रगल'. दोन्ही सीझन मिळून या नावाचे चारही एपिसोड सिरीजचा निर्माता ख्रिस कार्टरच्या हातचे, आणि चारहीत माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी माहितीच वाचून दाखवतात. दहाव्याचा शेवट तर आकाशात यान आणून तोडला आणि दोन वर्षांनी सांगितलं की ते स्कलीला दिसलेलं दृश्य होतं. दोन वर्षं वाट बघायला लावून असं करणं हा प्रेक्षकाचा अपमान आहे.

डॉक्टर_डॅना

मला वेगळंच खुपलं. मूळ सिरीज सरकारवर संशय घ्यायची, पण पुरावा मागणारी एक बाई कायम शेजारी उभी असायची. त्या दोघांच्या ओढाताणीतच सगळी मजा होती. २०१६ मध्ये मात्र टॅड ओमॅली नावाचा नेटवर कार्यक्रम करणारा माणूस आणला, तो ओरडून ओरडून कटकारस्थानं सांगतो आणि शेवटी तोच बरोबर ठरतो. आणि देवीच्या लशीतून सगळ्यांच्या शरीरात काहीतरी सोडून ठेवलंय हे खरंय म्हणून कोण सांगतं? स्कली. एक डॉक्टर. मी मेडिकलला गेले त्यात या बाईचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तिच्या तोंडी ते ऐकताना मला टीव्ही बंद करावासा वाटला.

स्कलीची_बाजू

डॉक्टर, अगदी हेच! मला शब्द सापडत नव्हते. तिचं आईपण आणि तिचं डॉक्टर असणं, दोन्ही गोष्टी कथेला सोयीच्या वाटल्या तशा वाकवल्या. राक्षस_हवाच, 'फोरहेड स्वेट' मलाही फार आवडला, तो मी कधीच टाकून देणार नाही.

रॉसवेल, एपिसोड कमी होते हे मान्य, पण सहा एपिसोड मिळाले म्हणून विल्यमचा बाप बदलावा लागतो असं नाही ना. ती निवड होती.

रॉसवेलचा_पाहुणा

निवड होती, मान्य. पण मग 'घूली' मोजणार की नाही? जेम्स वाँगने लिहिलाय, त्याच अकराव्या सीझनचा पाचवा. शवागारात समोर विल्यम आहे असं समजून स्कली त्याची माफी मागते, किती साधं लिहिलंय ते, आणि नंतर पेट्रोल पंपावर तो दुसऱ्याच माणसाच्या रूपात तिच्याशी बोलून जातो. माझ्यासाठी विल्यमची गोष्ट तिथे पूर्ण झाली. दहाव्यातला 'फाउंडर्स म्युटेशन', जिथे दोघंही आपापल्या मनात त्याला वाढवतात, मग 'होम अगेन', मग 'घूली', बस. 'माय स्ट्रगल'चे चारही मी पुन्हा लावतच नाही.

स्कलीची_बाजू

'घूली' मोजणार, त्यात गिलियनने जे काम केलंय ते शेवटच्या एपिसोडमुळे पुसलं जाऊ नये. तुझी यादी आजपासून माझी. फक्त 'एन अमी'चं काय करायचं ते यात सुटत नाही. सातवा सीझन परत सुरू केलाय, तो एपिसोड आला की काय करता तुम्ही लोक, बघता की पुढे जाता?