चित्र घेणारा माणूस कुठे भेटतो? (अनुभव धागा)

परवा एका मैत्रिणीचं प्रदर्शन उतरवायला गेले होते. सात दिवस चाललं. अभिप्राय वही 'अप्रतिम', 'असेच काढत राहा' यांनी भरलेली, आणि लाल टिकली एकाच चित्राला. तेही तिच्या मावशीने घेतलेलं. टेम्पोत चित्रं चढवताना ती म्हणाली, "कॉलेजात ॲनॅटॉमी शिकवली, पर्स्पेक्टिव्ह शिकवलं. बघायला कोण आलंय आणि घ्यायला कोण, हे कुणी शिकवलंच नाही गं."

म्हणून हा धागा. चित्र, शिल्प, मातीची भांडी, जे विकत असाल त्याबद्दल लिहा. गिऱ्हाईक कसं ओळखलंत, कसं टिकवलंत. 'सोशल मीडियावर ॲक्टिव्ह राहा' एवढं सोडून काहीही चालेल. फजिती असेल तर आधी ती लिहा.

जलरंग, गिरगाव

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतला अनुभव लिहितो. तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे मंगळवारी चित्रं टांगली तेव्हाच पोटात गोळा होता. पहिले दोन-तीन दिवस मी चुकीच्या माणसांच्या मागे धावलो. भारी बूट, हातात गाडीची किल्ली दिसली की उठायचो आणि चित्र समजावून सांगायचो. त्यांतल्या एकानेही काही घेतलं नाही. एकाने तर मला पार्किंग कुठे मिळेल ते विचारलं.

हायकोर्टात नोकरी करणाऱ्या एक बाई मात्र जेवणाच्या सुट्टीत रोज यायच्या. वाईच्या घाटाच्या एका चित्रासमोर पाच मिनिटं उभ्या राहायच्या आणि जायच्या. मी त्यांच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. शुक्रवारी त्याच जवळ आल्या. "आमच्या हॉलच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिथे हे टिकेल का?" किंमत नाही विचारली, भिंतीचं विचारलं! मी त्यांना सांगितलं, ओलीच्या भिंतीवर लावू नका, कागदाला बुरशी धरेल, समोरच्या भिंतीवर लावा. अकरा बाय पंधरा इंची चित्र, बारा हजार, तीन हप्त्यांत. तेव्हापासून मी किंमत विचारणाऱ्यापेक्षा जागा विचारणाऱ्याकडे आधी जातो. आजवर त्यांच्या ओळखीतून नऊ चित्रं गेली आहेत.

ॲक्रिलिक, ठाणे

अभिप्राय वहीत लोक कौतुक लिहितात, म्हणून मी वेगळी शंभरपानी वही ठेवते. माणूस गेला की लगेच टिपायचं: कुठल्या चित्रापाशी थांबला, सोबत कोण होतं, काय बोलला. 'निळी साडी, मुलगी पुण्यात, घर घेतायत' एवढंही पुरतं. नंबर मात्र विचारूनच घ्यायचा. त्यांना शोभेल असं काही झालं तरच फोटो पाठवते, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आधी मी सगळ्यांना दिवाळीचं शुभेच्छापत्र ढकलायचे, बऱ्याच जणांनी ब्लॉक केलं. बरोबरच केलं. ती निळी साडी तीन वर्षांनी मुलीला घेऊन आली, आणि त्या दिवशी दोन चित्रं गेली.

तैलरंग, पुणे

माझी फजिती. एका इंटिरियरवाल्याने चौदा कॅनव्हास सांगितले. सोफ्याला जाईल असा रंग हवा, घोडे असतील तर सातच हवेत. रंग तीनदा बदलले. निम्मे पैसे अजून यायचे आहेत. आगाऊ घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका. बाकी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

शाडू आणि टेराकोटा, सिंधुदुर्ग

आमची तीन पिढ्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आम्हाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. घरोघरचे लोक महिना-दीड महिना आधी आपला पाट आणून देतात, त्यावर खडूने आडनाव. कुणाच्या गणपतीचं पितांबर पिवळंच लागतं, कुणाच्या घरात उंची वाढवायची नाही, हे बाबांना तोंडपाठ.

मी कला महाविद्यालयातून परत आलो आणि टेराकोटाची कामं करू लागलो. वाटलं, हे शंभर पाट म्हणजे शंभर गिऱ्हाइकं. घरोघर जाऊन दाखवलं. सगळ्यांनी चहा पाजला, घेतलं कुणीच नाही. गणपतीवाल्याने गणपती करावा, एवढंच त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

पुढच्या वर्षी गेलोच नाही. मूर्ती न्यायला लोक शाळेत येतात तेव्हा बरोबर मुंबईहून आलेली चाकरमानी मुलं असतात. मागच्या फळीवर सात-आठ कामं नुसती मांडून ठेवली. डोंबिवलीचा एक पोरगा मूर्तीला रुमाल घालायचं सोडून फळीपाशी गेला. "ह्यां काय रे? म्हशीचां तोंड? केवढ्याक देतलंस?" मी आकडा सांगितला तर त्याची आई दचकली, पोरगा नाही. आरती करून संध्याकाळी परत आला आणि घेऊन गेला. म्हातारे पाट आणतात, घेणारे त्यांचे मुलगे निघाले. आता बाबांच्या यादीत मी एक रकाना वाढवलाय: मुलगा कुठे असतो.

निसर्गचित्रं, कोल्हापूर

बंगळूरला चित्रकला परिषद जानेवारीत एका रविवारी चित्रसंते भरवते. रस्ताभर चित्रं आणि तोबा गर्दी. तिथे मोठं चित्र खपवायच्या नादात मी पहिल्या वर्षी उपाशी परतलो. नंतर पोस्टकार्डाएवढी रंकाळ्याची चित्रं नेली, तीनशेला एक, मागे नाव-नंबर. ती घेणाऱ्यांतल्या दोघांनी पुढच्या वर्षी मोठी घेतली. मोठं घेताना दोघांनीही आधी ते छोटं कुठे लावलंय त्याचा फोटो दाखवला.

धागाकर्ती

गिरगावकर, एक विचारू? ते हप्ते लिहून घेतले होते का?

जलरंग, गिरगाव

नाही. यूपीआय असूनही त्या दर महिन्याला घरी येऊन पैसे द्यायच्या आणि नवीन काय चाललंय ते बघायच्या. दुसऱ्या हप्त्याला सोबत नणंद होती.