'होम', 'कलोनियल' आणि 'क्रिओल': मराठीत कसे आणावेत?

धागाकर्ती:
जीन ऱ्हीस यांच्या 'द डे दे बर्न्ड द बुक्स' या कथेचं मराठी करतेय. आमच्या वाचनगटापुरतं, छापायला नाही. लेखिका १८९० साली कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या; वडील वेल्श डॉक्टर, आई तिथल्या जुन्या गोऱ्या मळेवाल्या घराण्यातली. कथाही तशाच छोट्या बेटावरची. अडलंय ते असं. तिथली पोरं इंग्लंडला 'होम' म्हणतात आणि त्यांच्यातल्या एकानेही ते पाहिलेलं नाही. 'घर' लिहिलं तर खेळ संपवून जेवायला निघाल्यासारखं वाटतं. 'मायदेश' चालेल का? दुसरं, अस्सल इंग्रज मुलं निवेदिकेला 'कलोनियल' म्हणून हिणवतात. तिथे 'वसाहतवादी' घालू?

प्रतिसाद १:
'वसाहतवादी' अजिबात नको, ताई! अर्थ थेट उलटा होतो. वसाहतवादी म्हणजे राज्य करणारा, आणि इथे तर टोमणा हा की तू आमच्यातली नाहीस, तिकडच्या वसाहतीत वाढलेलं पोर आहेस. 'वसाहतीतली' म्हणावं तर मराठी वाचकाला औद्योगिक वसाहत नाहीतर पोलीस वसाहत आठवणार. मी असते तर सरळ 'शी, बेटावरची!' असं लिहिलं असतं. शिवीत व्याख्या बसवायची गरज नसते, नाक मुरडलेलं कळलं की झालं.

प्रतिसाद २:
'होम'साठी 'गाव' का नको? लालबाग-परळमध्ये तीन पिढ्या काढलेली माणसंही 'आमचं गाव कणकवलीकडे' असंच सांगतात. जन्म तिथला असायलाच हवा असं नाही.

प्रतिसाद ३:
दादा, ते गणपतीला आणि शिमग्याला गावी जातात हो! घराची कौलं बदलायला पैसे देतात, भावकीशी भांडतात. या पोरांचं 'होम' निव्वळ ऐकीव आहे: लंडन, धुकं, गुलाबी गालांच्या बायका, दुकानं, साय घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या. स्ट्रॉबेरी हा शब्दसुद्धा ती घशातून काढून उच्चारतात, कारण खरा इंग्रजी उच्चार तसाच असणार अशी त्यांची समजूत. (आपल्याला मात्र स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वरचे खोके दिसतात. हे नवल वाचकापर्यंत पोचवणं तुम्हाला अवघड जाणार आहे.)

'मायदेश' मलाही नको वाटतो. तो सभेत बोलायचा शब्द आहे, पोरांच्या तोंडचा नाही. 'विलायत'ही नको, कारण त्यात अंतर आहे. विलायत नेहमी दुसऱ्याची असते.

माझ्या मते शब्द आपल्या हाताशीच आहे: 'आपल्याकडे'. 'आपल्याकडे हिवाळ्यात शेकोट्या पेटवतात' असं बेटावर घामाघूम झालेल्या पोराने म्हणावं. त्यात वेगळा फायदाही आहे. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक इंग्रजीला एका शब्दात दाखवता येत नाही, मराठीला येतो. बेटावरची पोरं 'आपल्याकडे' म्हणतील, इंग्रज मुलं 'आमच्याकडे' म्हणतील. एवढ्यातच कोण कोणाला दाराबाहेर ठेवतंय ते दिसतं, तळटीप लागत नाही.

आणि कथेतला एडी, ज्याचे वडील इंग्रज आणि आई मिश्रवर्णीय आहे, तो एकटा 'तिकडे' म्हणेल. मला स्ट्रॉबेरी आवडत नाही, डॅफोडिलही आवडत नाहीत, असं हाच मुलगा सांगतो. त्याचे वडील सारखे त्या फुलांचं कौतुक करत असतात. गंमत म्हणजे सगळ्यांत इंग्रज रंगरूप याच मुलाचं आहे: निळे डोळे, पिवळसर केस.

धागाकर्ती:
'आपल्याकडे' उचलला! 'बेटावरची'ही. आता प्रास्ताविकात लेखिकेला 'क्रिओल' म्हणू का? माझ्या डोक्यात त्याचा अर्थ 'मिश्रवंशीय' असा आहे.

प्रतिसाद ३:
म्हणा, पण एका वाक्यात उलगडून. मूळ पोर्तुगीज शब्द 'वाढवणे' या क्रियापदावरून आला; अर्थ 'तिथेच जन्मलेला-वाढलेला'. त्यात वर्ण ठरलेला नाही. युरोपातून थेट आलेला गोरा क्रिओल नव्हे, बेटावर जन्मलेला गोरा क्रिओल. आफ्रिकेतून आणलेला गुलाम नव्हे, त्याचं बेटावर जन्मलेलं मूल क्रिओल. ऱ्हीस यांची आई या अर्थाने गोरी क्रिओल. पुढे प्रत्येक बेटाने शब्द आपापल्या सोयीने वाकवला. त्रिनिदादमध्ये नुसतं 'क्रिओल' म्हटलं की बहुधा आफ्रिकी वंशाचे लोक, पण 'फ्रेंच क्रिओल' म्हणजे तिथले गोरे. १८४५ पासून तिथे गेलेले भारतीय यांपैकी कशातच धरले जात नाहीत.

प्रतिसाद ४:
मॉरिशसमध्येही तसंच. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत. घराबाहेर ते क्रिओल भाषा बोलतात, पण त्यांना 'क्रिओल' म्हणत नाहीत. भाषा सगळ्यांची आणि जातीचं नाव एका गटाचं, अशी गुंतागुंत आहे.

प्रतिसाद १:
प्रास्ताविकात 'निर्वासित लेखिका' असं मात्र लिहू नका. निर्वासित म्हटलं की आपल्याला फाळणीनंतरच्या छावण्या दिसतात. 'हद्दपार'मध्ये पोलिसांची नोटीस आहे, 'परागंदा'मध्ये लपणं आहे. या बाई १९०७ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या आणि नंतर १९३६ मध्ये एकदाच बेटावर परतल्या. कोणी हाकललं नव्हतं. 'बेट सुटलं ते सुटलंच' असं साधं लिहा.

धागाकर्ती:
'परदेशस्थ' कसा वाटतो?

प्रतिसाद १:
तो अमेरिकेतल्या भाच्याला लावा. आणि मुळात इंग्लंड त्यांना परदेश वाटायला हवा की नको, यावर तर कथा उभी आहे.