अपाचे विकेटमध्ये (जावाचं वेब फ्रेमवर्क) अजॅक्सचं सगळं एकाच जागी कसं हाताळायचं?

राजवाडा_कोडर: मंडळी, इथे इंदूरला आमच्याकडे अपाचे विकेटवरचं जुनं बिलिंग अ‍ॅप आहे, दर अजॅक्स क्लिकला (अख्खं पेज लोड न करता सर्व्हरला जाणाऱ्या) फीडबॅक पॅनल, म्हणजे एररचे मेसेज दाखवणारा भाग, रिफ्रेश व्हायला हवं, पण प्रत्येक बटणाच्या ऑनसबमिटमध्ये टार्गेट डॉट अ‍ॅड (हा भाग पुन्हा काढून पाठव, असं सांगणं) लिहायचं आणि ऑनएररमध्ये (फॉर्म चुकला की चालणारी मेथड) हमखास कुणीतरी विसरतं, मग यूजर बोंबलतो की बटण चालतच नाही. एकदाच सांगून सुटता येत नाही का?

पोहे_जिरावण: लिसनर (ठरल्या वेळी आपोआप चालणारा कोड) लाव की भिया! वेबअ‍ॅप्लिकेशनच्या इनिटमध्ये अजॅक्स रिक्वेस्ट टार्गेट लिसनर्सच्या यादीत आपला टाकायचा, त्याच्या ऑनबिफोररिस्पॉन्डमध्ये (उत्तर पाठवण्याआधी चालणारी मेथड) पेजवरची फीडबॅक पॅनल्स व्हिजिटचिल्ड्रनने शोधून टार्गेटला जोडायची. ऑनआफ्टररिस्पॉन्डमध्ये नको, तोवर कंपोनंट रेंडर होऊन गेलेले असतात. आणि पॅनलवर सेटआउटपुटमार्कअपआयडी (एचटीएमएलमध्ये आयडी टाकणारं सेटिंग) ट्रू हवं, नाहीतर एक्सेप्शन खाशील.

खान_नदीकाठी: अख्खं टार्गेटच आपलं हवं असेल तर सेटअजॅक्सरिक्वेस्टटार्गेटप्रोव्हायडर आहे, अजॅक्सरिक्वेस्टहँडलर एक्स्टेंड करून तिथून परत द्यायचा. पण फीडबॅकपुरतं हे म्हणजे उगाच मोठं लफडं, पुढे व्हर्जन बदलताना तुलाच निस्तरावं लागेल.

राजवाडा_कोडर: लिसनरच लावतो मग. पण एखाद्या पेजवर नको असेल तर?

पोहे_जिरावण: मार्कर इंटरफेस (नुसती खूण म्हणून त्या पेजला लावायचा रिकामा इंटरफेस) ठेव, टार्गेट डॉट गेटपेज घेऊन इन्स्टन्सऑफ तपास, असेल तर सरळ रिटर्न.