काजव्यांच्या हंगामात अभयारण्य बंद ठेवावे का?

प्रश्न – घाटवाट
नमस्कार. आमचा गिर्यारोहकांचा गट शाळकरी मुलांना घेऊन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जातो. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडून गेला की भंडारदऱ्याच्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात आणि शनिवार-रविवारी जलाशयाकाठच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य आधी वन्यजीवांचे आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु मुले डोंगरात फिरलीच नाहीत, तर त्यांना त्याची ओढ कशी लागणार? या काळात प्रवेश पूर्ण बंद करावा, ही मागणी आपल्याला योग्य वाटते का?

उत्तर – निशाचर
माझ्या मते बंदी माणसांवर नको, उजेडावर हवी. नर काजवा उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, झाडोऱ्यात बसलेली मादी त्याला चमकूनच उत्तर देते आणि त्या खुणेवरून तो तिच्यापर्यंत पोहोचतो. हेडलाइटचा झोत किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की ही खूण दिसेनाशी होते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असल्यामुळे वाया गेलेली रात्र त्याला परत मिळत नाही. शिवाय सगळ्यांचे लक्ष झाडाकडे असते, जमिनीकडे कोणी पाहत नाही. मादी ओलसर मातीत अंडी घालते आणि अळ्या तिथेच, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाच्या बुंध्याशी तंबू ठोकणे किंवा गाडी लावणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे आजच चिरडणे होय.

उत्तर – डांगाणकर
मी अकोले तालुक्यातलाच आहे. आमच्याकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी रोख पैसा लागतो आणि नेमका त्याच वेळी पिठलं-भाकरीच्या जेवणातून, मुक्कामातून, वाटाड्याच्या कामातून तो घरात येतो. सरसकट बंदी आली तर हा आधार जाईल आणि हौशी मंडळी आडवाटांनी येतील, ज्यांच्यावर कोणाचेच लक्ष नसेल. त्यापेक्षा गाड्या गावाबाहेर थांबवाव्यात, पुढे लहान गटांनी गावातल्या वाटाड्याबरोबर पायी जावे, विजेरीला लाल जिलेटीन कागद लावावा आणि स्पीकर तर आणूच नयेत.

उत्तर – रानवाटसरू
डांगाणकरांच्या सूचनेला कायद्याचाही आधार आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देता येतो, आणि अशा परवान्याला अटी घालता येतात. म्हणजे एका रात्री किती माणसे आणि कोणत्या वाटेने जातील, हे आधीच ठरवता येईल. घाटवाट, आपल्यासारख्या गटांनी गावकऱ्यांशी बोलून ग्रामसभेचा तसा ठराव हिवाळ्यातच वन विभागाकडे पोहोचेल असे पाहावे. मे उजाडल्यावर अर्ज केला तर गर्दी आवरण्यातच सगळ्यांचा वेळ जाईल.